सेल मारण्याआधी

गाडी सुरू होत नसली की तिचा आवाज अख्ख्या आळीला कळतो. सुरू होणाऱ्या गाडीकडे कुणी मान वळवून बघत नाही. पण सेल एकदा, दोनदा, तीनदा कुरकुरला की समोरच्या ओट्यावरची माणसं चहाचा कप खाली ठेवून उठतात. सुप्यात हे मी इतक्यांदा पाहिलंय की कोण काय बोलणार ते आधीच सांगू शकतो. तात्या म्हणणार, "चोक वढ की." ट्रकवर आयुष्य काढलेला कुणी विचारणार, "हिटर मारला का?" किराणावाला दुकानातूनच ओरडणार, "रेस दे, रेस दे, सोडू नको." दोन पोरं कुणी न सांगता मागं जाऊन डिकीला हात लावून उभी राहणार. आणि गाडी सुरू झालीच, तर कुणीतरी वडीलकीनं बजावणार, "लगेच काढू नको. धा मिनिटं गरम होऊ दे."

यातला एकही सल्ला खोटा नाही. प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या गाडीला अगदी तंतोतंत लागू होता. फक्त ती गाडी आता समोर उभी नसते. समोर असते ती गाडी बीएस-सहाची, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची. तिला चोक नाही. डिझेल असेल तर तिचा हिटर चावी फिरवल्यावर आपला आपण लागतो. सुरू होताना तिला रेस नको असते, धक्का तर मुळीच नको असतो, आणि दहा मिनिटं उभ्या उभ्या गरम होण्यानं तिचं भलं होत नाही. गाडी बदलली, हात तोच राहिला. माणसाच्या सवयी यंत्रापेक्षा जास्त जगतात. ही पुस्तिका गाडी सुरू कशी करावी याबद्दल आहे खरी, पण लिहिता लिहिता ती या मागे उरलेल्या सवयींबद्दलच जास्त झाली.

मी मेकॅनिक नाही. पुणे-नगर रस्त्यावर जिथून पारनेरला फाटा फुटतो, त्या सुप्यात मी मोटार शिकवतो. (बारामतीकडचं सुपे, शहाजीराजांच्या जहागिरीतलं, ते वेगळं. आमचं सुपा माळावरच्या पवनचक्क्यांचं आणि एमआयडीसीचं.) पूर्वी माझ्याकडे येणारी मुलं शेतकऱ्यांची असत. त्यांना मोटार नवी असली तरी इंजिन नवं नसायचं. ट्रॅक्टर, विहिरीवरचं इंजिन, थोरल्या भावाची राजदूत यांच्या संगतीतच ती वाढलेली. कुठला आवाज बरा आणि कुठला बरा नाही हे त्यांना शिकवावं लागत नसे. एमआयडीसी वाढली, जपानी कंपन्यांसाठी वेगळा भाग झाला, आणि शिकणारे बदलले. आता येतात ती कंपन्यांतली मुलंमुली. कुणी विदर्भातली, कुणी मराठवाड्यातली, कुणी थेट बिहारची. हुशार, पगारदार, घरातली पहिली मोटार घेणारी. इंजिनाशी त्यांची ओळख बटणापुरती.

अशीच एक मुलगी, एका कंपनीत क्वालिटी विभागात काम करणारी, शिकवणीच्या दुसऱ्या दिवशी आली. तिनं चावी फिरवली, गाडी सुरू झाली, आणि क्षणभर थांबून तिनं पुन्हा चावी फिरवली. चालू इंजिनावर सेल मारला की जो खर्रर्र आवाज येतो त्यानं माझ्या दातांना कळ येते. मी रागावलो. तिनं शांतपणे विचारलं, "सर, गाडी सुरू झालीय हे ओळखायचं कशावरून?" मी म्हणणार होतो, "आवाजावरून." पण एसीचा पंखा फुल होता, मागून ट्रक चालले होते, आणि खरं सांगायचं तर इंजिनाचा आवाज मलाही येत नव्हता. मग मी तिला आरपीएमचा काटा दाखवला. पडद्यावर विझलेले दिवे दाखवले. त्या दिवशी घरी येऊन वहीत पहिलं टिपण केलं, ते याच प्रश्नाचं.

तर मुळापासून. इंजिन स्वतःहून सुरू होऊ शकत नाही. चुलीत काडी टाकली की चूल पेटते, तसा हा मामला नाही. इंजिनाला आधी हवा आत ओढायची असते, ती दाबायची असते, त्यात इंधन जाळायचं असतं, आणि मग त्या जळण्याच्या जोरावर पुढची हवा ओढायची असते. म्हणजे चालण्यासाठी ते आधीपासून चालत असावं लागतं. झोपाळ्याला पहिला झोका दुसऱ्या कुणीतरी द्यावा लागतो, तसा इंजिनाला पहिला फेरा बाहेरूनच द्यावा लागतो. मोटार सुरू करण्याचा सगळा इतिहास हा पहिला फेरा कुणी द्यायचा याचा इतिहास आहे.

आमच्याकडे तो माणसाच्या दंडाचा होता. पारनेर हा अवर्षणाचा तालुका. वीज पोचायच्या आधी ज्याच्या विहिरीत पाणी त्याच्या विहिरीवर डिझेल इंजिन. खडकीला १९४६ साली सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचं नाव आमच्या भागात पोरांनाही पाठ असायचं, कारण ते विहिरीच्या काठावर लोखंडात उमटवलेलं असे. ते इंजिन सुरू करायची रीत मी वडिलांकडून शिकलो. आधी डीकंप्रेशनचा लिव्हर उचलायचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि आतली हवा दाबली जात नाही. मग हँडल घालून फिरवायला लागायचं, हळूहळू वेग वाढवत. जड चाक चांगलं घुमायला लागलं की दुसऱ्यानं लिव्हर खाली टाकायचा. हवा दाबली जायची, डिझेल पेटायचं, धाड्‌कन पहिला ठोका पडायचा आणि हँडल आपोआप सुटून हातात यायचं. तसं ते यायला हवं. नाही सुटलं तर हँडल इंजिनाबरोबर गरगर फिरायचं, आणि मग त्याच्या जवळपास कुणी थांबायचं नाही.

वडिलांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते हँडल धरायला. मूठ वळायची नाही. अंगठा चारही बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, पलीकडे घालायचा नाही. इंजिनानं उलटा झटका दिला तर हँडल बोटांतून निसटून गेलं पाहिजे. अंगठ्याची गाठ बसली असेल तर मनगट जातं. मोटारीचं हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली रेटायचं नाही, तेही याचसाठी. आमच्या एका चुलत्यांनी एका जुन्या जीपवर ही शिस्त एकदाच मोडली. त्यांचं मनगट पुढं आयुष्यभर पावसाळ्याची वर्दी देत असे.

आमच्या या रस्त्याला मोटारीच्या इतिहासात एक छोटासा मान आहे. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी धावली ती याच नगर-पुणे रस्त्यावर. लाकडी बॉडीची बस होती ती. सुप्याच्या माळावरून तिनं धुरळा उडवला असणार. त्या काळातल्या बस-ट्रकला सेल असला तरी बंपरखाली हँडलसाठी भोक ठेवलेलं असेच, आणि क्लीनरच्या बसण्याच्या जागेखाली हँडल. त्याच्या आधीची युद्धाची वर्षं तर आणखी वेगळी. पेट्रोल रेशनवर गेलं होतं आणि देशभर कितीतरी बस कोळशाच्या गॅसवर चालत होत्या. मागे किंवा बाजूला भट्टी बांधलेली. गाडी निघायच्या कितीतरी आधी ती पेटवायची, फुंकायची, गॅस नीट यायला लागला की मग इंजिनाशी झटापट. आपण स्टार्टला दोन सेकंद जास्त लागले की डॅशबोर्डवर हात आपटतो, म्हणून हे सांगितलं.

हँडल घालवलं ते अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी. बॅटरीवर चालणारी छोटी मोटर इंजिनाच्या चाकाला दात अडकवून पहिला फेरा देईल आणि काम झालं की दात सोडवून बाजूला होईल, अशी रचना त्यांनी १९११ साली केली. १९१२च्या कॅडिलॅक गाड्यांत ती बसून आली. अशा मोटरीबद्दल तोवर जाणत्यांचा आक्षेप असा होता की मोठं इंजिन फिरवणारी मोटर गाडीत मावणार नाही इतकी अवजड होईल. केटरिंग यांच्या लक्षात आलं की ही मोटर दिवसभर चालायची नाहीच. तिला काही सेकंदांपुरता मरणाचा जोर काढायचाय. काही सेकंद तर छोटी मोटरही तिच्या ताकदीबाहेरचं काम करून जाते.

हे काही सेकंद वाचकांनी लक्षात ठेवावेत. सेल मारताना होणारी सर्वांत मोठी चूक इथेच आहे. सेल्फ-स्टार्टरचं सेल्फ झालं, सेल्फचं सेल झालं, आणि टॉर्चमधल्या सेलशी नाव जुळल्यामुळे पुष्कळांना सेल म्हणजे बॅटरीच वाटते. सेल म्हणजे ती मोटर. साध्या पेट्रोल मोटारीत ती एका झटक्याला शंभर अँपिअरच्या वर करंट ओढते. तेवढ्यात दहा मोटारींचे हेडलाइट लागतील. हा भार तिच्या वेटोळ्यांना सोसतो तो क्षणभरच. म्हणून पाच सेकंद, फार तर दहा. नाही झाली सुरू तर चावी सोडायची, अर्धा मिनिट थांबायचं, मग पुन्हा. चावी धरून ठेवून दात-ओठ खाल्ल्यानं सेल जळतो आणि बॅटरी उतरते. बघ्यांची संख्या वाढली की माणूस नेमकं हेच करतो.

थांबलेल्या त्या अर्ध्या मिनिटात एक करायचं. आठवायचं, की आवाज कसा आला होता. नुसतं कट-कट-कट-कट झालं आणि डॅशबोर्डचे दिवे मंद झाले, तर बॅटरीत जोर नाही. एकच टक आवाज आला आणि पुढं काही नाही, तर बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमलेली असेल, वायर ढिली असेल, किंवा सेलमध्येच बिघाड असेल. सेल झकास फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला आणि सेलला दोष देऊ नका. तिथे इंधन नाहीतर ठिणगी कमी पडतेय. किंवा चावीतली चिप गाडीला ओळखू येत नाहीये. बाजारातून स्वस्तात काढलेली बिनचिपची डुप्लिकेट चावी दार उघडते, सेलही मारते, पण इंजिन चालू देत नाही. डॅशबोर्डवर चावीचं चित्र लुकलुकत राहतं. हे तीन आवाज ओळखता आले तर गॅरेजवाल्याला फोनवर नीट सांगता येतं, आणि तो येताना बरोबर ते सामान घेऊन येतो. माझ्या मते या पुस्तिकेची किंमत त्या एका फोनमध्ये वसूल होते.

बॅटरीबद्दल एक गोष्ट लोकांना पटत नाही. सकाळी थंडीत गाडी सुरू झाली नाही की दोष थंडीला जातो. नगर जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो आणि थंड बॅटरीचा जोर कमी पडतो हे खरं. पण बॅटरी खराब करतो तो उन्हाळा. तापलेल्या बॉनेटखाली तिच्या आतल्या पट्ट्या झिजतात, पाणी उडतं. बॅटरी मे महिन्यात मरते. आपल्याला कळतं जानेवारीत.

आता तात्यांचा चोक. प्रीमियर पद्मिनी ज्यांनी चालवली, पहिल्या काळातली मारुती ८०० ज्यांनी चालवली, त्यांच्या बोटांत तो खटका अजून आहे. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. आत गेलेल्या पेट्रोलपैकी बरंचसं थेंब बनून भिंतींना चिकटतं. मग जळण्याजोगं मिश्रण व्हावं म्हणून कार्ब्युरेटरच्या तोंडाशी हवा अडवायची आणि पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं, हा चोक. गरम इंजिनाला एक भाग पेट्रोलला साधारण पंधरा भाग हवा लागते, वजनानं. थंड असताना पेट्रोल याहून कितीतरी जास्त. चोक किती ओढायचा, कधी अर्ध्यावर आणायचा, कधी आत सारायचा, हे ज्याला जमे तो घरातला ड्रायव्हर. जास्त ओढला की गाडी 'ओव्हर' व्हायची: प्लग पेट्रोलनं भिजायचे, वास यायचा, आणि मग अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, भरपूर हवा देऊन सेल मारावा लागे. किराणावाल्याचं "रेस दे" तिथून आलं.

कार्ब्युरेटर गेले, इंजेक्शन आलं, आणि हे सगळं एका छोट्या कॉम्प्युटरच्या हाती गेलं. इंजिन किती थंड आहे, बाहेरची हवा किती थंड आहे, हे पाहून तो स्वतः इंधन वाढवतो. सुरू झाल्यावर काटा हजाराच्या वर जाऊन हळूहळू खाली येतो, तेव्हा हाच अदृश्य चोक आत सरत असतो. त्यावर आपण रेस दिली की त्याच्या हिशेबात नुसती ढवळाढवळ. म्हणून नव्या गाडीला सेल मारताना उजवा पाय अॅक्सिलरेटरवर नको. गंमत म्हणजे जुन्या उपायाची आठवण कंपन्यांनी जपून ठेवलीय. इंजेक्शनच्या पुष्कळ गाड्यांत अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारला तर कॉम्प्युटर समजतो की इंजिन ओव्हर झालंय, आणि इंधन बंद करून नुसती हवा देतो. किराणावाल्याचा सल्ला यंत्राच्या मेंदूत असा जाऊन बसलाय. पण तो अडल्या वेळचा आहे, रोजचा नव्हे. (आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. ते आमच्याच जिल्ह्यातल्या उसाचंही असेल. थंडीत इथेनॉलची वाफ पेट्रोलइतकी सहज होत नाही, एवढं कडाक्याच्या सकाळी लक्षात असू द्यावं.)

डिझेलचं वेगळं. त्यात ठिणगीच नाही. हवा इतकी दाबायची की ती कडक तापावी आणि डिझेल तिच्यात पडताच पेटावं. थंड इंजिनाच्या थंड भिंती ती उष्णता शोषून घेतात, म्हणून हिटर. काही जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवर जाळीमागे एक छोटी तार असायची. ती लालभडक झाली की समजायचं, आतही झालंय. आता तारेच्या वेटोळ्याचं पिवळं चित्र दिसतं आणि विझतं. ते विझेपर्यंत थांबायचं, एवढाच हिटरचा धडा. पण बटण दाबणाऱ्या नव्या पिढीला तेवढाही दम नसतो.

धक्क्याबद्दल मी थोडा हळवा आहे, कारण आमच्या पोरपणी गाडी ढकलणं हे सामाजिक कार्य होतं. उतारावर लावलेली गाडी, चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, आणि वेग आला की क्लच सोडायचा. पहिला फेरा चाकांकडून. लुना तर रोजच पॅडल मारून सुरू व्हायची, आणि ती बनवणारे फिरोदिया मुळात नगरचेच. पण आजच्या मोटारीला धक्का दोन कारणांनी चालत नाही. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर इंधनाचा पंप आणि कॉम्प्युटरही मेलेले असतात. कितीही ढकला, आत काही जातच नाही. आणि इंजिन पकडत नसताना ढकलत राहिलं तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि त्याची वाट लावतं. तो भाग फार महाग असतो. ऑटोमॅटिक गाडी तर धक्क्यानं सुरू होतच नाही. त्यापेक्षा दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून केबल लावावी. लाल वायर आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक मेलेल्या बॅटरीला नव्हे, तर त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन साचलेला असू शकतो. हा क्रम मी वर्गात पाठ करून घेतो, पाढ्यांसारखा.

आता दहा मिनिटांचा प्रश्न. यावरून माझी वडीलधाऱ्यांशी सर्वांत जास्त भांडणं झाली आहेत.

रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. वरच्या भागांवर पातळ थर तेवढा राहतो. सेल मारला की पंप ते वर चढवतो आणि एक-दोन सेकंदांत ऑइलचा लाल दिवा विझतो. तो विझला नाही तर इंजिन ताबडतोब बंद करायचं. पण दिवा विझला म्हणजे ऑइल सगळीकडे नीट पोचलं असं नाही. थंड ऑइल घट्ट असतं, काकवीसारखं. जुन्या गाड्यांत वापरायचे ते ऑइल पातळ व्हायला वेळ लागायचा, कार्ब्युरेटरची गाडी थंडपणी गचके खायची, म्हणून दहा मिनिटं उभं राहणं शहाणपणाचं होतं. आजचं ऑइल थंडीतही वाहतं राहावं असंच बनवलेलं असतं. डब्यावरच्या ५-डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा त्याच गुणाचा, जितका लहान तितकं थंडीत पातळ. त्यामुळे नव्या गाडीला वीस-तीस सेकंद पुरतात. त्यानंतर निघायचं, पण हळू. थंड इंजिनात इंधन जास्त सोडलेलं असतं. उभं राहून ते जाळत बसलं की त्यातलं थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं. शिवाय उभं इंजिन तापायलाही वेळ लावतं. सावकाश चालवलं की ते लवकर गरम होतं, आणि गिअरबॉक्स, बेअरिंगंही बरोबर गरम होतात. उभी गाडी कितीही वेळ चालू ठेवली तरी ती गरम होत नाहीत.

पण हळू म्हणजे हळू. बऱ्याच गाड्यांत थंड असताना निळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत हायवेला लागून ट्रकला ओव्हरटेक करण्याची घाई करू नये. सुप्यात अडचण अशी की गावातून निघून दोन वळणं घेतली की समोर हायवेच येतो. मी विद्यार्थ्यांना सांगतो, तुमच्या गाडीचे पहिले दोन किलोमीटर गावातल्या गावात काढता येतील अशी वाट शोधा.

आणि दुसरी अडचण उलटी आहे. गावात राहायचं आणि एमआयडीसीत कामाला जायचं, म्हणजे रोज सकाळी चार-पाच मिनिटांचा प्रवास आणि संध्याकाळी तेवढाच. इंजिन पुरतं तापतच नाही. जळण्यातून निर्माण होणारी पाण्याची वाफ ऑइलमध्ये थंडावते आणि तिथेच राहते. सेलनं सकाळी जेवढा करंट खाल्ला तेवढा बॅटरीला परत मिळायच्या आत गाडी बंद. मीटरवर किलोमीटर थोडे दिसतात, म्हणून मालक खूश; पण अशा गाडीचं ऑइल आणि बॅटरी पुण्याला रोज ये-जा करणाऱ्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होतात. यावर उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा नगरला किंवा शिरूरला जाऊन या. किंवा, मी हेही सांगतो आणि धंद्याच्या विरुद्ध सांगतो, कंपनीत सायकलवर जा.

बंद जागेत गाडी चालू ठेवण्याबद्दल मात्र विनोद नाही. थंड इंजिनाचा धूर सर्वांत घाण असतो, कारण कन्व्हर्टर चांगला तापल्याशिवाय काम करत नाही. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. शटर आधी वर, मग चावी. थंडीच्या दिवसांत बॉनेटवर एक थाप मारा. उबेला मांजर आत जाऊन बसतं. आणि पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यात गाडी बंद पडली, तर सेल अजिबात मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून काढा.

इतकं सांगून झाल्यावर प्रत्यक्ष कृती किती छोटी आहे. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, क्लच पूर्ण दाबलेला. क्लच दाबला की सेलला गिअरबॉक्समधलं थंड ऑइल ढवळावं लागत नाही, आणि गिअर चुकून पडलेला असला तरी गाडी पुढे झेप घेत नाही. चावी ऑनवर आणायची आणि थांबायचं. सगळे दिवे लागतात. मागच्या सीटखालून बारीक घूं ऐकू येतं, तो पेट्रोलचा पंप नळीत दाब भरत असतो. दोन सेकंदांत तो गप्प होतो. मग सेल. इंजिन पकडताक्षणी चावी सोडायची.

या दोन सेकंदांवरून मी एक जुनी सवय मात्र वाचवली आहे. आमच्याकडे बहुतेक जण चावी लावली की स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावतात. शहरातली मुलं हसतात. मी हसत नाही; मी फक्त क्रम बदलायला सांगतो. आधी चावी ऑन करा, मग पाया पडा, मग सेल मारा. देवाचं नाव घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा पंपाला बरोबर पुरतो. बटणाच्या गाडीत ब्रेक आणि क्लच न दाबता बटण दाबलं की नुसते दिवे लागतात. तिथेही हाच क्रम चालतो.

या पुस्तिकेत गाडी चालवायला शिकवलेली नाही. गिअर, वळण, घाट, पार्किंग यांची पुस्तकं पुष्कळ आहेत. दुरुस्तीही नाही, टर्मिनल साफ करण्यापलीकडे मी कुणाला बॉनेटमध्ये हात घालायला सांगत नाही. इलेक्ट्रिक गाड्यांवर एकच पान आहे, कारण त्यांना पहिला फेरा लागतच नाही. पहिलं प्रकरण बॅटरीचं ठेवलंय, चोकचं प्रकरण शेवटी. ते ज्यांना नको असेल त्यांनी वगळावं. तात्यांसाठी ते आहे. त्यांनी हस्तलिखित वाचून दोन चुका दाखवल्या, आणि दोन्ही बरोबर होत्या.

एक शेवटची सूचना. ही पुस्तिका डिकीत ठेवू नका. बॅटरी उतरली की बऱ्याच नव्या गाड्यांची डिकीही उघडत नाही.

सुपा, ता. पारनेर